गोलकीपरची नोकरी

भोईवाड्यातला माझा एक जुना विद्यार्थी अकरावी कॉमर्सला आहे. परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर गोलकीपिंग करतो, खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबकडून. परवा त्याचे अब्बा भेटले. सलाम-दुआ झाल्यावर थेट विचारलं, "सर, यावर घर चालेल का?"

मी एस. एस. नारायण यांचं नाव काढलं. माटुंग्यातले हे गोलकीपर १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला गेले. त्या वर्षी भारत चौथा आला. १९६० ला रोमलाही ते संघात होते. मुंबईत खेळायचे कॅल्टेक्सकडून.

"कंपनीकडून?" अब्बांनी नेमकं तेच पकडलं. तेव्हा तेल कंपन्या, बँका, रेल्वे, अगदी गिरण्याही संघ ठेवत. खेळाडूला नोकरी मिळायची, म्हणून घरचे मैदानावर जाऊ देत. पुढे हे संघ कमी होत गेले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडही २०१० मध्ये बंद झाला.

त्यात गोलकीपरची जागा एकच. दुसरा कीपर अख्खा मोसम बाकावर काढतो. मात्र त्याचं वय उशिरा भरात येतं; इटलीचा दिनो झॉफ चाळिसाव्या वर्षी, १९८२ ला, कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला. म्हणून मी म्हणालो, "एवढ्यात खेळ तोडू नका. पण बारावीही सोडू देऊ नका."

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. ग्लोव्ह्जचे पैसे त्यांनी दिले, पण आधी अकाउंट्सच्या क्लासची पावती पाहिली.