ड्रॅगन मारला धनुर्धराने, मान मिळाला कुळाला

जे. आर. आर. टोल्किन यांची 'द हॉबिट' ही कादंबरी २१ सप्टेंबर १९३७ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या स्मॉग नावाच्या ड्रॅगनला बार्ड नावाचा धनुर्धर एका काळ्या बाणाने मारतो. पीटर जॅक्सन यांच्या २०१३ आणि २०१४ मधल्या चित्रपटांमुळे हा बार्ड आपल्याकडच्या तरुण मुलामुलींनाही ठाऊक झाला आहे. अशा गोष्टींना 'कल्पनारम्य' म्हणून बाजूला सारणाऱ्यांपैकी आम्ही नाही. वीर कोणाला म्हणायचे आणि त्याने काय केले म्हणजे त्याला मान द्यायचा, हे माणूस लहानपणी गोष्टींतूनच शिकतो. नागरिकशास्त्राचे पुस्तक त्यानंतर हातात येते.

म्हणून आमचा प्रश्न सरळ आहे. बार्डने ड्रॅगन मारला तो कशाच्या बळावर? आणि लेखकाने त्याचे श्रेय कोणाच्या खात्यावर जमा केले?

आधी घटना पाहू. एस्गारोथ हे सरोवरात लाकडी खांबांवर उभे असलेले गाव. तिथे राजा नाही. वडीलधाऱ्या, शहाण्या समजल्या जाणाऱ्या माणसांतून निवडलेला एक 'मास्टर', म्हणजे नगरप्रमुख, कारभार पाहतो. एका रात्री उत्तरेच्या डोंगराकडे उजेड दिसतो. जुन्या गाण्यांप्रमाणे डोंगरातला राजा परतला आणि आता नदीतून सोने वाहत येणार, अशा स्वप्नात लोक दंग होतात. हा उजेड सोन्याचा नाही, आगीचा आहे, हे एका रुक्ष आवाजाच्या माणसाला उमगते. तोच बार्ड. त्याचे मित्रसुद्धा त्याला 'नेहमी पुराची आणि विषारी माशांचीच भविष्ये सांगणारा' म्हणून हिणवत असतात. तो धावत मास्टरकडे जातो. तुताऱ्या वाजतात, घरोघरी मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवले जाते, धनुष्यबाण बाहेर निघतात आणि काठाला जोडणारा पूल तोडला जातो. पूल तुटल्याने ड्रॅगनला गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. खाली खोल, गार पाणी.

वाचकांनी हा तपशील नीट पाहावा. स्मॉगचा अर्धा पराभव इथेच झाला आहे, आणि तो कोणत्याही एका माणसाने केलेला नाही. पाणी भरणारे, पूल तोडणारे, जळत्या घरांमध्ये शेवटपर्यंत टिकून बाण सोडणारी धनुर्धरांची तुकडी, हे सगळे त्यात आहेत. बार्ड या तुकडीचा नायक आहे, राजा नाही.

उरलेला अर्धा पराभव बाणाने झाला. पण बाण मारायचा कुठे? स्मॉगच्या छातीच्या डाव्या बाजूला कवच नसलेली जागा आहे, हे पहिल्यांदा पाहिले ते बिल्बोने. बिल्बो हा हॉबिट, कमरेएवढा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. त्याने ते सोबत्यांना सांगितले, जवळच बसलेल्या थ्रश पक्ष्याने ऐकले, आणि त्या पक्ष्याने ऐन लढाईत बार्डच्या खांद्यावर बसून ते त्याच्या कानात सांगितले. बार्डला पक्ष्याची भाषा कळली, कारण तो मूळचा डेलचा. मात्र ही भाषा फक्त डेलच्या राजघराण्याला येत होती असे पुस्तक म्हणत नाही. डेलच्या माणसांना ती येत असे आणि ते या पक्ष्यांकडून निरोप धाडत, एवढेच थोरिन सांगतो. म्हणजे ती सामान्य लोकांची विद्या होती. काळा बाणही डोंगरातल्या बुटक्या कारागिरांच्या भट्टीतून आलेला. तो घडवणाऱ्याचे नाव पुस्तकात नाही.

मग राजवंशाचे काम काय उरते? काहीच नाही. तरीही बार्डची ओळख करून देताना लेखक दोन-तीन वाक्यांतच सांगून टाकतो, की हा डेलचा अधिपती गिरियन याचा वंशज. डेलचा नाश झाला तेव्हा गिरियनची बायको आणि मूल नदीमार्गे निसटले होते. ड्रॅगन मरायच्या आधीच मारणाऱ्याचा दाखला तयार आहे.

पुढचा प्रसंग याहून बोलका आहे. स्मॉग गावावरच कोसळतो आणि गाव बुडते. लोक काठावर थंडीत कुडकुडत बसले आहेत. बार्ड मेला असे सगळ्यांना वाटते. इतक्यात तो पाण्यातून वर येतो आणि आपली ओळख सांगतो. आधी सांगतो, मी गिरियनच्या वंशातला. नंतर सांगतो, ड्रॅगनला मारणारा मी. वंश आधी, कर्तृत्व नंतर. लोकही तेच करतात. बार्डला राजा करा, हे म्हातारे आणि पैसे मोजणारे आता पुरे झाले, असा गलका सुरू होतो.

मास्टरची बाजू आम्ही घेणार नाही. संकटात तो आपल्या सोनेरी नावेतून पळून जायला निघाला होता. पण राजा होण्याच्या मागणीवर तो जे बोलतो, ते त्याच्या तोंडी आहे म्हणून खोटे ठरत नाही. आमच्या गावात आम्ही प्रमुख निवडतो, नुसत्या लढवय्यांचे राज्य आम्ही चालू दिलेले नाही, असे तो म्हणतो. स्वार्थी माणसाच्या तोंडी बरोबर मुद्दा घालायचा, म्हणजे वाचक मुद्द्यासकट माणसाला नाकारतो. ही युक्ती जुनी आहे. लोकांसमोर दोनच पर्याय ठेवले जातात: निवडलेला पण भ्रष्ट व्यापारी, किंवा शूर पण वंशाने आलेला राजा. निवडलेला आणि कर्तबगार, लोकांना उत्तर द्यायला बांधलेला प्रमुख हा तिसरा पर्याय त्या काठावर कोणाला सुचत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेला इशारा इथे आठवतो. थोर माणसाबद्दल कृतज्ञ राहण्यात काही वावगे नाही, पण आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. बार्डबद्दल कृतज्ञता हवीच. पण ड्रॅगन मारणे आणि राज्य चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्याची पावती दाखवून दुसऱ्याचा हक्क मिळत नाही. त्यातही पावती बापजाद्यांच्या नावाची असेल तर मुळीच नाही.

गंमत अशी की या प्रसंगात बार्ड स्वतः लोकांपेक्षा शहाणा ठरतो. आपण अजून मास्टरच्याच सेवेत आहोत असे तो सांगतो, आणि तळ उभारण्याच्या, आजारी-जखमींची व्यवस्था लावण्याच्या कामाला निघून जातो. मास्टर तिथेच बसून स्वतःसाठी शेकोटी आणि जेवण मागवतो. त्या रात्री थंडीने आणि दुःखाने पुष्कळ लोक आजारी पडले आणि त्यातले अनेक पुढे दगावले, असे पुस्तक सांगते. आम्ही समाजकार्यातली माणसे. आमच्या दृष्टीने बार्डचे खरे मोठेपण बाण सुटल्यानंतरच्या या रात्री आहे. आसरा, औषध आणि अन्न यांची व्यवस्था लावणाऱ्याची गाणी कोणी रचत नाही, पण आगीतून वाचलेला माणूस सकाळ पाहतो तो त्याच्यामुळे.

आता नुकसानभरपाईची गोष्ट. स्मॉगच्या संपत्तीवर थोरिन आणि त्याचे सोबती दार बंद करून बसले आहेत. बार्ड दारात येऊन तीन मुद्दे मांडतो. पहिला, ड्रॅगन मी मारला. दुसरा, मी गिरियनचा वारस आहे आणि या ढिगात डेलमधून लुटलेली संपत्ती मिसळली आहे. तिसरा, एस्गारोथच्या लोकांनी तुम्हाला अडचणीत मदत केली आणि बदल्यात त्यांची घरे जळाली, त्यांचा काही विचार आहे की नाही? आमच्या मते यातला सर्वांत भक्कम मुद्दा तिसरा. पण पुढे रीतसर मागणी होते तेव्हा काय होते? ड्रॅगन मारणारा आणि गिरियनचा वारस या नात्याने बार्डला बारावा हिस्सा द्या, असे सांगितले जाते. एस्गारोथच्या लोकांसाठी बार्ड आपल्या हिश्श्यातून देईल, आणि थोरिनला शेजाऱ्यांची मैत्री हवी असेल तर त्यानेही आपल्याकडचे थोडे द्यावे. म्हणजे वारसाचा झाला हक्क आणि बेघरांची झाली मदत. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांचे नाव मागणीपत्रात हक्कदार म्हणून नाहीच.

ही गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही. वस्ती जळाली की पंचनामा करणारा आधी कागद विचारतो. जागा कोणाच्या नावावर, वारस कोण, पुरावा काय. ज्याच्याकडे कागद आहे त्याचे नुकसान 'नुकसान' ठरते. बाकीच्यांच्या वाट्याला ब्लँकेट आणि सहानुभूती येते.

शेवटी युद्ध होते, थोरिन मरतो आणि त्याचा नातलग डाइन चौदावा हिस्सा देतो. बार्ड त्यातले बरेच सोने लोकांच्या मदतीसाठी मास्टरकडे पाठवतो. मास्टर त्यातले बहुतेक घेऊन पळतो आणि ओसाड रानात उपाशी मरतो. लेखकाला हा न्याय वाटत असावा. आम्हाला वाटत नाही. मास्टरच्या मरणाने कोणाचे घर उभे राहिले? मदतीचा पैसा एका माणसाच्या हाती, हिशेब मागणारे कोणी नाही. हा दोष फक्त मास्टरच्या लोभाचा नाही, व्यवस्थेचाही आहे. आणि पुस्तकाचे शेवटचे पान एक गोष्ट हळूच सांगून जाते: एस्गारोथमध्ये पुढे नवा मास्टर आला, तो शहाणा निघाला, लोकप्रिय झाला. काठावर कोणाला न सुचलेला तिसरा पर्याय लेखकाच्याच गावात शक्य होता. डेलमध्ये मात्र बार्ड राजा झाला, त्याच्यानंतर मुलगा बाइन, त्याच्यानंतर नातू ब्रँड. एका बाणावर तीन पिढ्यांचे सिंहासन.

यावर कोणी म्हणेल, प्राचीन महाकाव्यांच्या धर्तीवर लिहिले की राजे आणि वारस येणारच. टोल्किन जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक, 'बेवुल्फ'चे अभ्यासक, हे आम्हाला मान्य. पण महाकाव्याची धर्तीच तपासायला हवी. महाभारतात रंगमंडपात उतरलेल्या कर्णाला आधी कुळ विचारले जाते, आणि अंगदेशाचा राजा केल्यावरच त्याला तिथे उभे राहता येते. एकलव्याकडे असा दाखला नव्हता, त्याचा अंगठा गेला. बार्डकडे दाखला होता, त्याला राज्य मिळाले. तिघांचेही धनुष्य उत्तम. फरक धनुष्यात नाही, दाखल्यात आहे.

आणि टोल्किन यांच्याकडून अधिक अपेक्षा ठेवायला आमच्याकडे सबळ कारण आहे. १९३८ मध्ये याच 'हॉबिट'च्या जर्मन भाषांतराची बोलणी चालू होती. तिथल्या प्रकाशकाने नाझी कायद्यांना अनुसरून टोल्किन यांना विचारले, तुम्ही आर्यवंशीय आहात का? टोल्किन संतापले. त्यांनी उत्तराचे दोन मसुदे आपल्या इंग्रज प्रकाशकाकडे पाठवले. त्यातल्या सडेतोड मसुद्यात त्यांनी विचारले की आर्य म्हणजे काय? आपल्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी, फारसी किंवा त्यांच्याशी नाते असलेली भाषा बोलत नव्हते. आणि आपण ज्यू आहोत का असे विचारायचे असेल, तर त्या गुणवान समाजातले पूर्वज आपल्याला लाभले नाहीत याची खंत आहे. आर्यवंशाच्या कल्पनेला बाबासाहेबांनीही १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात पुराव्यानिशी आव्हान दिले होते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच.

स्वतःच्या वंशाचा दाखला द्यायला नकार देणाऱ्या या माणसाने आपल्या धनुर्धराला मात्र दाखल्याशिवाय उभे राहू दिले नाही. आम्ही याला ढोंग म्हणत नाही. वंशश्रेष्ठत्वाचा विचार कायद्यातून समोर आला की चांगला माणूस तो ओळखतो. तोच विचार गोष्टीतून आला की तो चांगल्या लेखकाच्याही नजरेतून निसटतो. म्हणूनच गोष्टी तपासाव्या लागतात. चित्रपटाने बार्डला तीन मुलांचा बाप असलेला गरीब नावाडी केले, बाण सोडताना मुलाच्या खांद्याचा आधार दिला. पण गिरियनचा वंश तिथेही सुटला नाही. २०१४ मध्येही नुसता नावाडी पुरेसा वाटला नाही.

आमचे म्हणणे पुस्तक टाकून द्या असे नाही. मुलांना जरूर वाचू द्या, आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा: गिरियनचे नाव पुसले तर बार्डचा नेम चुकला असता का? मूल विचार करील आणि 'नाही' म्हणेल. मग दुसरा प्रश्न विचारा: तर ते नाव तिथे कशाला हवे होते? याचे उत्तर शोधता शोधता ते मूल पुष्कळ दूरवर जाईल.