मोवाडचा पूर कोणत्या धड्यात आहे?

१९९१ या एकाच वर्षातील दोन घटना. ३० जुलै रोजी वर्धा नदीच्या महापुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. २०४ माणसे गेली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २२ नोव्हेंबर रोजी, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तो जोडण्याचे काम शिक्षणाचे होते आणि ते झालेले नाही.

न्यायालयाचा आदेश बारा वर्षे जवळजवळ कागदावरच राहिला. १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाला पुन्हा कान टोचावे लागले, तेव्हा कुठे अभ्यासक्रम हलले. आज महाराष्ट्रात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षणाची त्याला जोड आहे. पुस्तके वाईट आहेत असे मुळीच नाही. पण श्रेणीचा विषय म्हटला की त्याचा तास गणिताला उसना दिला जातो आणि प्रकल्पाची वही स्टेशनरीच्या दुकानातील चित्रे चिकटवून भरली जाते. त्यात ध्रुवावरचे अस्वल असते, ॲमेझॉनचे जंगल असते, वर्धा नसते. मेकॉलेला दोष देणे सोपे आहे. ही वही मात्र आपल्याच घरात, आपल्याच देखरेखीखाली भरली जाते.

वास्तविक भूशास्त्राचा पहिला पाठ शिकवायला नरखेडइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. उत्तरेला सातपुडा. तेथील मुलताई परिसरातून तापी पश्चिमेला निघते आणि अरबी समुद्राला मिळते. त्याच पठारावर उगम पावणारी वर्धा दक्षिणेला वळून प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते. एकाच सरीचे पाणी दोन समुद्रांत का जाते, हा प्रश्न सहावीच्या मुलापुढे ठेवावा. जलविभाजक म्हणजे काय, हे त्याला पाठ करावे लागणार नाही. मग पुढचा प्रश्न: डोंगरावर रात्रभर कोसळलेला पाऊस खालच्या गावात किती तासांत पोहोचेल? उतार तीव्र, खडक कठीण, मुरणे कमी; म्हणजे पाणी वेगाने येणार. मोवाडच्या पुरामागचे हे साधे शास्त्र आहे.

पायाखालचा खडकही बोलका आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला. तो वाळूसारखे पाणी साठवीत नाही. वरचा झिजलेला मुरूम, खडकातील भेगा आणि दोन थरांमधील सांधे, एवढ्याच जागी पाणी राहते. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला पाणी लागते, शेजारची कोरडी जाते. आणि म्हणूनच शेजाऱ्याने खोल बोअर मारली की आपल्या विहिरीचे झरे आटतात. शेतकऱ्याच्या घरात रोज होणाऱ्या या भांडणाचे उत्तर भूगोलाच्या तासाला मिळू शकते, हे किती मुलांना ठाऊक आहे?

संत्र्याचेच घ्या. आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडाला ताण द्यायचा, तो तोडायचा आणि मग संपूर्ण उन्हाळा फळ पाण्यावर सांभाळायचे. मृग बहार पावसाच्या भरवशावर. कोणता बहार धरावा हा निर्णय वस्तुतः भूजलाचा निर्णय आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल-नरखेड-वरूड पट्ट्यात उभ्या बागा वाळल्या, तेव्हा त्याची किंमत अनेक कुटुंबांनी मोजली. वीस वर्षांची बाग एका उन्हाळ्यात सरपण होते.

आपल्या परंपरेत हा विचार नव्हता असे कोणी म्हणू नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ हा स्वतंत्र अध्यायच भूमिगत पाण्यावर लिहिला. झाडे, वारुळे, माती व खडक यांवरून पाण्याचा माग कसा काढावा हे त्यात सांगितले आहे. मात्र वराहमिहिराचे नाव सभेत घेऊन टाळ्या मिळवणे वेगळे आणि त्याच्यासारखे डोळे उघडे ठेवून शिवारात हिंडणे वेगळे. त्याची प्रत्येक खूण आजच्या मोजणीवर घासून पाहावी. टिकेल ती घ्यावी, न टिकेल ती सोडावी. तोही निरीक्षणाचा माणूस होता, त्याला राग येण्याचे कारण नाही. व्यासपीठावर पृथ्वीसूक्त म्हणायचे आणि गावच्या जुन्या विहिरीत निर्माल्य व प्लॅस्टिक टाकायचे, हा विसंवाद तर आपल्याच कार्यक्रमांतून अनेकदा दिसतो.

या साप्ताहिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, शाळांच्या संचालक मंडळांवर बसणारेही आहेत. त्यांनी शासनाच्या परिपत्रकाची वाट का पाहावी? राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. याच चार महिन्यांत प्रत्येक शाळेने आपल्या गावातील पाच विहिरी मोजाव्यात, तो आलेख वर्गात लावावा आणि प्रकल्पाचे गुण त्यावरच द्यावेत. नदीकाठच्या गावांनी पुराची जुनी पातळी वडीलधाऱ्यांना विचारून पक्क्या भिंतीवर रंगवून ठेवावी. मोवाडचा पूर कळत्या वयात पाहिलेली सर्वांत तरुण माणसेही आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. विहीर मोजायला दोरी, वजन आणि मोजपट्टी लागते. पुराच्या रेषेला एक डबा रंग.