नाणेफेक हरलेला माणूस

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. राष्ट्रपतींची सोन्याचा मुलामा दिलेली बग्गी, सहा घोडे, मागे दणदणीत संगीत. १९४७ साली व्हाइसरॉयच्या अंगरक्षक दलाची वाटणी झाली, या बग्गीवर दोन्ही देशांनी हक्क सांगितला, शेवटी नाणं उडवलं आणि बग्गी आपल्याला मिळाली, ही सांगोवांगीची गोष्ट त्यात होती. आपल्या बाजूने लेफ्टनंट कर्नल ठाकूर गोविंद सिंग उभे होते, हे नाव मोठ्या अक्षरांत. समोर कोण? तर ‘एक पाकिस्तानी अधिकारी’. खाली टाळ्यांची रांग.

मला राग आला तो या ‘एक’चा. नावं गाळली की मला राहवत नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. बाजारात नेलेल्या गुरालाही नाव असतं. आणि हा माणूस तर असा, की त्याचं नाव आपण मुद्दाम लक्षात ठेवावं.

साहबजादा याकूब खान. जन्म १९२०, रामपूरच्या नवाबांच्या घराण्यात. शिक्षण डेहराडूनला, मग घोडदळ, मग उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडून इटलीत कैद. फाळणीत ते पाकिस्तानात गेले, भाऊ युनूस खान भारतीय सैन्यात राहिले. तिकडे याकूब लेफ्टनंट जनरलपर्यंत चढले, पुढे पॅरिस, वॉशिंग्टन आणि मॉस्कोला राजदूत, १९८२ पासून परराष्ट्रमंत्री, झियांच्याही काळात आणि बेनझीर यांच्याही. जानेवारी २०१६ मध्ये गेले.

इटलीतल्या त्या युद्धकैद्यांच्या छावणीबद्दल आपल्या मेजर जनरल ए. एस. नरवणे यांनी आठवणींत लिहिलं आहे. तेही तिथे कैदी होते. हिंदी कैद्यांत सर्वांत ज्येष्ठ कुमारमंगलम, म्हणजे पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले. छावणीचा अ‍ॅडज्युटंट याह्या खान. शिधासामग्री बघणारे टिक्का खान. आणि याकूब. एकाच काटेरी तारेच्या आत, एकाच भांड्यातलं खाणारी ही माणसं. याकूब तिथे परक्या भाषा शिकत बसत. मला हे चित्र फार दिवस सोडत नाहीये, कारण पुढे काय झालं ते मला माहीत आहे.

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या १६२ जागांपैकी १६० शेख मुजीब यांच्या अवामी लीगने जिंकल्या. राष्ट्राध्यक्ष तेव्हा याह्या खान, आणि ढाक्यात फौजेचे सेनापती याकूब. तिथे गेल्यावर ते बंगाली शिकले. हे वाक्य पटकन वाचून पुढे जाऊ नका. १९५२ साली त्याच शहरात याच भाषेसाठी पोरांनी गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि पश्चिमेकडून येणारे बहुतेक साहेब ती भाषा कानाआड करत. हा माणूस मात्र ती शिकला. बंदोबस्ताची लष्करी योजनाही त्यांनीच आखून ठेवली होती, ‘ब्लिट्झ’ नावाची. ते मी लपवणार नाही. पण १ मार्च १९७१ ला याह्यांनी राष्ट्रीय सभेचं अधिवेशन पुढे ढकललं, ढाका रस्त्यावर उतरलं, आणि ती योजना वापरायची वेळ आली तेव्हा याकूब थांबले. हा प्रश्न बोलणी करूनच सुटेल, बंदुकीने गेलात तर नि:शस्त्र माणसं मरतील, असं वर कळवून त्यांनी पद सोडलं. त्यांच्या जागी आले टिक्का खान. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात फौजेने काय केलं ते साऱ्या जगाला माहीत आहे. हुकूम देणारा, नकार देणारा आणि हुकूम बजावणारा, तिघेही इटलीतल्या त्या एकाच छावणीतले!

गेल्या वर्षीपासून मी मंगळवारी उर्दूच्या वर्गाला जातो, त्याबद्दल मागे लिहिलं होतं. या मंगळवारी मी सरांना ही हकीकत सांगितली आणि म्हणालो, याकूबसाहेबांनी राजीनामा दिला. सर म्हणाले, “देशपांडेजी, राज़ीनामा नाही, इस्तीफ़ा. राज़ीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी होऊन लिहून देतात तो कागद. समझोता.” मी चकित झालो. मग आमच्या गावाकडचे जुने फेरफार आठवले: ‘राजीनामा-कबुलायत’. एकाने राजीखुशीने जमीन सोडायची, दुसऱ्याने कबूल करायची. तिथून तो शब्द मराठीत नोकरी सोडण्याकडे कधी वळला कोण जाणे. मला आता सुचतं ते एवढंच, की याकूब उर्दूतला राज़ीनामा मागत होते. मुजीबशी समझोता करा, लिहून घ्या, राजी व्हा. तो कुणी करीना, म्हणून त्यांनी आपला मराठीतला राजीनामा दिला.

त्यांना देवमाणूस ठरवण्याची माझी इच्छा नाही. जानेवारी १९९० मध्ये काश्मीर पेटलेलं असताना ते दिल्लीत आले आणि परराष्ट्रमंत्री गुजराल यांच्याशी कठोर भाषेत बोलले. तो आपल्या देशाविरुद्धचा सूर होता आणि मला तो आजही खटकतो. पण मार्च १९७७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बंदूकधाऱ्यांनी तीन इमारतींत सुमारे दीडशे माणसं ओलीस धरली, तेव्हा इजिप्त आणि इराणच्या राजदूतांबरोबर समोर जाऊन बसले ते हेच. कुराणातली वचनं पुढे ठेवून, समजावून, त्यांनी ती माणसं सोडवायला हात दिला. तेव्हाही बोलणंच.

रात्री भाच्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, नाव नीट लिहून पाठव. मी व्हिडिओखाली टाकतो.”

पाठवलं. साहबजादा याकूब खान, रामपूरचे.