थप्पड आणि जाब

आज गुड फ्रायडे. अंबरनाथच्या फातिमा चर्चमध्ये आणि जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये आज योहानाच्या शुभवर्तमानातून येशूच्या अटकेपासून दफनापर्यंतची हकिगत वाचली जाते. वाचन लांबते, मंडळी उभ्यानेच ऐकतात. त्यात एक छोटा प्रसंग येतो. येशूला बांधून हन्ना या बड्या याजकापुढे आणले आहे. त्याचे उत्तर उद्धट वाटल्याने शेजारचा एक शिपाई त्याच्या थोबाडीत देतो. येशू उलट हात उगारत नाही, पण मान खाली घालून गप्पही बसत नाही. आपल्या बोलण्यात वावगे काय होते ते तो शिपायाला दाखवायला सांगतो. आणि तसे काही नसेल तर मारलेस का, याचा जाब विचारतो.

हा प्रसंग बाजूला ठेवूनच ख्रिस्ती अहिंसेची टिंगल केली जाते. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे मुकाट मार खाणे, असे आपण धरून चाललो आहोत. वॉल्टर विंक या अमेरिकन बायबल अभ्यासकाने मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या एका तपशिलाकडे लक्ष वेधले. तिथे उल्लेख उजव्या गालाचा आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे तर पंजाची मागची बाजूच लागते. ती मालकाने गुलामाला, रोमन सैनिकाने प्रजाजनाला त्याची पायरी दाखवण्यासाठी द्यायची चपराक. मार खाणाऱ्याने डावा गाल पुढे केला की मारणाऱ्याची पंचाईत होते. आता मारायचे तर बरोबरीच्या माणसासारखे मारावे लागते. सगळ्या अभ्यासकांना हा अर्थ मान्य नाही. आम्हाला तो पटतो, कारण हन्नापुढे उभा असलेला येशू तसाच वागला. लंडनमध्ये विद्यार्थी असताना गांधीजींनी, गालाची ही शिकवण ज्यात आहे ते, डोंगरावरील प्रवचन वाचले आणि ते थेट हृदयाला भिडले, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली महिनाभर भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले, तेही याच धाग्याचा माग काढत. आणि आपल्या शेजारच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून जमीन आणि पाणी ओरबाडणाऱ्यांना उघड जाब विचारला, तेव्हा त्यांच्या हातात काठी नव्हती आणि तोंडाला कुलूपही नव्हते.

अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूरच्या आपल्या या पट्ट्याला हिंसेची ओळख करून द्यायला नको. उल्हासनगर वसले तेच दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत दारूगोळ्यासाठी लागणारे धातूचे भाग तयार होतात, आणि त्याच गावातले चर्च ज्या फातिमामातेच्या नावाने उभे आहे, तिचा संदेश १९१७ सालचा, पहिले महायुद्ध पेटलेले असताना शांततेसाठी रोज प्रार्थना करा असे सांगणारा.

युद्धे लांब असतात. आपला हात उठतो तो चौथ्या सीटवरून. बदलापूर लोकलच्या डब्यात, ‘डाऊन’ करून, म्हणजे आधी उलट दिशेने जाऊन, जागा अडवलेल्यांशी चढणाऱ्यांचे वाजते. शिवीने सुरू झालेले भांडण कॉलर धरण्यापर्यंत जाते आणि अख्खा डबा मोबाइल काढून चित्रण करतो. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून तेच. घरात दार लावून घेतल्यावर काय चालते, ते शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू येते. वर सत्तेत बसलेल्यांनी तरी वेगळा धडा घालून द्यावा. पण २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनातच गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या गुन्ह्यात अटक झाली ती तेव्हा पदावर असलेल्या आमदाराला. वाद जमिनीचा होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूर पेटले. शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. त्यांच्या आईवडिलांची तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी तासन्‌तास लावले. २० ऑगस्टला हजारो लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद राहिल्या, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. त्या दिवशीच्या दगडांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण जे लोक केवळ दगडांबद्दल बोलतात आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर ताटकळलेल्या आईबद्दल बोलत नाहीत, त्यांची शांतता आम्हाला मान्य नाही. तक्रार त्याच तासाला नोंदवली गेली असती, तर रुळांवर उतरायची वेळ कितीजणांवर आली असती?

सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. खटला निकालापर्यंत पोचलाच नाही. त्या मुलींच्या वतीने न्यायालयात विचारायचा जाब कायमचा राहून गेला. नंतर मृतदेह पुरायला जागा मिळेना. अखेर उल्हासनगरात पोलीस बंदोबस्तात दफन झाले, तेही खणलेला खड्डा विरोध करणाऱ्यांनी एकदा बुजवल्यावर. गुड फ्रायडेचे वाचन संपते ते एका दफनाशी. अरिमथाईचा योसेफ, प्रतिष्ठित माणूस, पिलाताकडे जाऊन देहदंड झालेल्याचे प्रेत मागून घेतो आणि रीतसर पुरतो. निर्दोष येशूची आणि त्या आरोपीची तुलना होऊच शकत नाही. प्रश्न पुरणाऱ्यांचा आहे, आपला आहे. मुलींच्या वेदनेशी इमान राखायला प्रेताशी वैर धरावे लागत नाही.

क्षमा हा शब्द इथे आम्ही जपून वापरतो. अत्याचार सोसलेल्याकडे क्षमा मागायचा हक्क तिऱ्हाइताला नाही. ती द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण ती देता येते, याचा दाखला आहे. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात भूमिहीनांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये समंदर सिंग याने सुऱ्याने वार करून त्यांना मारले. काही वर्षांनी त्यांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. समंदर सिंगला पश्चात्ताप झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया ‘धन्यवादित’ घोषित झाल्या. कल्याण धर्मप्रांतातल्या मल्याळी घरांत ही कहाणी ठाऊक आहे. ती मराठी घरांतही पोचायला हवी.

राखी बांधणे प्रत्येकाच्या आवाक्यातले नाही. आवाक्यातले काय, ते भिवंडीने दाखवले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. वस्तीतले हिंदू-मुसलमान रहिवासी आणि त्या भागाचा पोलीस नियमित एकत्र बसत आणि नळ, गटार, उकिरडा, भाडेकरू यांच्या कुरबुरी तिथेच मिटवत. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगलींनंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मुंबईत तीच वाट धरली. रिबेरो स्वतः ख्रिस्ती, जिवावरच्या हल्ल्यांतून वाचलेले पोलीस अधिकारी. निवृत्तीनंतर ते वस्त्यावस्त्यांत बैठका घेत फिरले. त्यांच्या श्रद्धेची ती आम्हाला सर्वात बोलकी साक्ष वाटते.

आपल्याकडे शांतता समितीची बैठक भरते ती गणपती-मोहरमच्या तोंडावर. चहा होतो, फोटो निघतो. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही शहरांत ती दर महिन्याला, वॉर्डावॉर्डात भरली पाहिजे आणि तिच्यात महिला असल्याच पाहिजेत. चर्च, सिंधी टिकाणे, विहार, मशिदी आणि मंडळे यांनी आपापले सभागृह त्यासाठी द्यावे. वाचकांना विनंती एवढीच: इमारतीतली एखादी बाई, वर्गातले एखादे पोर, डब्यातला एखादा सहप्रवासी आपल्यावर झालेला अन्याय सांगू लागला, तर त्याला गप्प करू नका. पूर्ण ऐकून घ्या, आणि गरज पडली तर त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीची प्रत हातात पडेपर्यंत तिथेच थांबा.