हातचा विसरलेले अंकगणित

प्राथमिक शाळेतील मुलाने बेरजेत हातचा धरला नाही, तर गुरुजी गुण कापतात. त्याच जातीची चूक संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘कर्नल’मध्ये झाली, तर रुग्णालये आणि बंदरे ठप्प होतात. तरीही ‘तांत्रिक त्रुटी’ असे सौम्य नाव देऊन सारे मोकळे होतात. ही त्रुटी नव्हे, बेपर्वाई आहे!

चुकीचे स्वरूप कळण्यास संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. संगणकात प्रत्येक संख्येला ठरावीक जागा असते. १६ बिटांच्या जागेत ६५,५३५ पर्यंतचीच संख्या मावते. तीत एक मिळवला की उत्तर शून्य! यालाच ‘इंटिजर ओव्हरफ्लो’ म्हणतात. अशा उत्तरावर विसंबून कर्नलने थोडी जागा राखली आणि तीत पुष्कळ मजकूर ओतला, की तो शेजारच्या मेमरीत सांडतो. तो मजकूर हल्लेखोराचा असेल, तर यंत्राची सूत्रेच त्याच्या हाती जाऊ शकतात.

विंडोजच्या कर्नलमध्ये, फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागात, याच कुळातील चूक होती. ३२ बिटांत मांडलेली लांबी दुरुस्त करताना केवळ १६ बिट बदलले जात, उरलेले जुनेच राहत. अमेरिकेच्या ‘एनएसए’ या गुप्तचर संस्थेने या चुकीतून ‘इटर्नलब्लू’ नावाचे अस्त्र घडवले आणि स्वतःपाशी दडवून ठेवले. एप्रिल २०१७ मध्ये ते फुटून चव्हाट्यावर आले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती. पण असंख्य कार्यालयांनी ती बसवलीच नाही. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनची रुग्णालये वेठीस धरली. जूनमध्ये, अन्य साधनांबरोबर याच अस्त्राचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क समूहाला ग्रासले आणि आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम खोळंबले. दुसऱ्याच्या अंकगणिताची किंमत रायगडच्या किनाऱ्याने मोजली!

अशा वेळी हमखास उपाय सुचवला जातो : ‘परकीय विंडोज टाका, खुली लिनक्स घ्या, तिच्यावर स्वदेशी प्रणाली उभारा.’ हेतू उत्तम आहे. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली २००७ साली आली; संरक्षण मंत्रालयाची ‘माया’ २०२३ मध्ये. पण दोहोंचा गाभा लिनक्सचाच आहे. आणि लिनक्स खुली असली म्हणून निर्दोष ठरते काय? २०१४ साली तिच्या फाइल-व्यवस्थेत शिरलेली अशीच एक चूक जुलै २०२१ मध्ये ‘क्वालिस’ या कंपनीने उघड केली. एक गिगाबाइटहून लांब फोल्डर-मार्ग रचला, की ६४ बिटांची संख्या ३२ बिटांच्या जागेत कोंबली जाऊन ऋण होई आणि सामान्य वापरकर्ता यंत्राचा स्वामी बनू शके. सात वर्षे संहिता साऱ्या जगासमोर उघडी होती. उघडे पुस्तक कोणी वाचलेच नाही, तर त्याच्या उघडेपणाचा उपयोग काय?

प्रश्न म्हणूनच नावाचा वा बोधचिन्हाचा नाही, राखणीचा आहे. मर्यादा ओलांडताच शून्याकडे न वळता जागीच थांबणारे गणक लिनक्समध्ये २०१७ साली आले. सुरक्षित गुणाकाराची साधने २०१८ साली. औषध उपलब्ध आहे. ते प्रत्येक ओळीला लावणारे हात हवेत. ज्या प्रणालीवर राष्ट्राचे संरक्षण विसंबणार, तिचा गाभा ओळीओळीने वाचणारे अभियंते आपण किती घडवतो? त्यांना किती वर्षे त्याच कामावर ठेवतो? उद्घाटनाच्या फिती कापणाऱ्यांना हे विचारलेच पाहिजे.

आणि घरोघरीच्या वाचकांनी? संगणक ‘अपडेट’ मागतो, तेव्हा ‘नंतर पाहू’ म्हणू नये. २०१७ साली जगाला त्या ‘नंतर’नेच बुडवले. स्वावलंबन घोषणेने सिद्ध होत नाही. हातचा नीट धरला की नाही, हे रोज तपासणाऱ्या शिस्तीने ते सिद्ध होते.