कर्ता कोण, ते लिहा!

जयंतीचा महिना आला की वस्त्यावस्त्यांतून निबंध स्पर्धा होतात. मंडळाचे कार्यकर्ते निबंधांचा गठ्ठा आणून आमच्यापुढे ठेवतात आणि ‘एवढे तपासून द्या’ म्हणतात. हे काम आम्ही वर्षानुवर्षे आनंदाने करीत आलो आहोत. ज्या समाजाला अक्षराची बंदी होती, त्या समाजाची मुले आज पानेच्या पाने लिहीत आहेत, याहून मोठा आनंद तो कोणता? परंतु गठ्ठा संपतो तेव्हा मनात एक खंतही उरते. पाने भरलेली असतात, पण लिहिणारे मूल कुठले, त्याने काय पाहिले, त्याला काय म्हणायचे आहे, हे त्या पानांतून कळत नाही. याविषयी आज स्पष्ट बोलले पाहिजे.

एक वाक्य पाहा. ‘आजच्या या आधुनिक विज्ञानाच्या युगात आपण सर्वजण जगत असताना आपल्याला असे दिसून येते की, शिक्षण ही गोष्ट मानवी जीवनामध्ये अत्यंत महत्त्वाची आणि मोलाची अशी भूमिका बजावत असते.’ एकूण २७ शब्द! यातला ऐवज किती? ‘शिक्षण महत्त्वाचे आहे.’ फक्त ३ शब्द. उरलेले २४ शब्द म्हणजे निव्वळ भरती. हे वाक्य लिहिणाऱ्या मुलीला आम्ही विचारले, ‘बाळ, शिक्षणाने तुझ्या घरात काय बदलले?’ ती म्हणाली, ‘सर, आई बँकेत अंगठा उठवायची. मी तिला सही शिकवली.’ मग हेच का लिहिले नाहीस, असे विचारताच तिने विचारले, ‘इतकं साधं लिहिलं तर नंबर येईल का?’

खरे दुखणे इथे आहे. साधे लिहिणे म्हणजे अडाणीपणा आणि जड लिहिणे म्हणजे विद्वत्ता, असे आपल्या मुलांच्या मनावर बिंबले आहे. हे त्यांना कोणी शिकवले? गाईड पुस्तकांनी, भाषणबाज पुढाऱ्यांनी आणि सरकारी कचेरीतल्या ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अनुषंगाने’च्या भाषेने. आणि खरे सांगायचे तर आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनीही. चळवळीच्या व्यासपीठावरची आपली भाषणे आठवून पाहावीत, म्हणजे दोष एकट्या मुलांचा नाही हे पटेल.

आपली परंपरा तर अशी नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध होता, हे ध्यानात घ्या. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसते, हे तिने सरळ लिहिले. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने थेट विचारला. तिने ‘स्त्रियांना अनेक समस्यांना सामोरे जावे लागते’ असे लिहिले असते, तर पावणेदोनशे वर्षांनी तो निबंध कोणाला आठवला असता?

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ पाहा. १९०१ साली लहानपणी केलेल्या प्रवासाची हकिकत त्यात आहे. मसूर स्टेशनावर मुले उतरली. ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाल्यांनी न्यायला नकार दिला. शेवटी एक जण दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालावे, या अटीवर. कोण मागे सरला, कोणी नाकारले, किती भाडे घेतले, सगळे जिथल्या तिथे आहे. हीच हकिकत आजचा विद्यार्थी कशी लिहील? ‘बाबासाहेबांना बालपणी जातीयतेचे चटके सहन करावे लागले.’ या वाक्यात स्टेशनमास्तर नाही, गाडीवाला नाही. चटके लागले, पण दिले कोणी?

पसरट वाक्याचा सर्वांत मोठा दोष आम्हाला हाच वाटतो. त्यात वाचकाचा वेळ जातो, हे तर खरेच. परंतु त्याहून वाईट म्हणजे ते वाक्य करणाऱ्याला लपवते. ‘अन्याय करण्यात आला’, ‘दिरंगाई होत आहे’, ‘दुर्लक्ष झाले’. अन्याय केला कोणी? दिरंगाई कोणाच्या टेबलावर झाली? ज्यांना जबाबदारी टाळायची आहे त्यांना ही भाषा सोयीची आहे. ज्यांना न्याय मागायचा आहे त्यांनी ती उसनी का घ्यावी?

वसतिगृहातील मुलांचे एक निवेदन आमच्याकडे आले होते. त्यात लिहिले होते, ‘वसतिगृहातील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीची रक्कम प्राप्त होण्याच्या संदर्भात मोठ्या प्रमाणात दिरंगाई करण्यात येत असल्याचे निदर्शनास आलेले असून त्या अनुषंगाने योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, ही नम्र विनंती.’ आम्ही मुलांना समोर बसवून तीनच प्रश्न विचारले. किती जणांची? केव्हापासून? अडले कुठे? मग त्यांनीच नव्याने लिहिले, ‘आम्हा ४० विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती जुलैपासून थकली आहे. आपल्या कार्यालयाने आमचे अर्ज अजून पुढे पाठविलेले नाहीत. ते या आठवड्यात पाठवावेत.’ शब्द कमी झाले आणि मजकूर वाढला! पहिल्या निवेदनावर ‘योग्य ती कार्यवाही’ असा शेरा मारून कागद फायलीत टाकता येतो. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

अत्याचाराच्या फिर्यादीत तर याची किंमत फार मोठी आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून अपमान केल्याचा गुन्हा लागण्यासाठी ती घटना लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडली, हे दाखवावे लागते. म्हणजे कोण बोलला, काय बोलला, कुठे बोलला आणि कोणादेखत बोलला, हे फिर्यादीत आले पाहिजे. ‘जातिवाचक शिवीगाळ करून मानहानी करण्यात आली’ एवढेच लिहिले, तर आरोपीच्या वकिलाचे काम सोपे होते. निबंधाच्या वहीत लागलेली सवय अशी पोलीस ठाण्यापर्यंत आपली पाठ सोडत नाही.

स्पर्धा परीक्षांचेही तेच. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे उत्तर १५० किंवा २५० शब्दांत बसवावे लागते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. ज्याचे ५० शब्द ‘आजच्या या युगात’ करण्यातच खर्च होतात, त्याचे ज्ञान कागदावर उतरण्याआधीच जागा संपते.

मग करायचे काय? लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यात कर्ता शोधा. सापडला नाही तर तो लिहा. ‘करण्यात आले’ खोडून ‘केले’ लिहा. ‘तपासणी करण्याचे काम करतात’ऐवजी ‘तपासतात’ लिहा. ‘महत्त्वाचे आणि मोलाचे’ यांतला एकच शब्द ठेवा. एका वाक्यात ‘असून’, ‘असल्यामुळे’ आणि ‘की’ हे तिघेही आले तर वाक्य तोडा. शेवटी ते घरात मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याने ‘म्हणजे काय रे?’ असे विचारले, तर पुन्हा लिहा.

परंतु दोन गोष्टी शिकवणाऱ्यांनी विसरू नयेत. पहिली, लांबी हा गुन्हा नव्हे. संविधानाची उद्देशिका एकाच लांबलचक वाक्याची आहे, तरी तिचा अर्थ कुठे हरवत नाही; कारण ते वाक्य ‘आम्ही’ या कर्त्याने सुरू होते आणि त्या ‘आम्ही’ने काय केले ते शेवटी स्पष्ट सांगते. दुसरी, भरती कापताना मुलाची बोली कापू नका. परीक्षेत प्रमाण भाषा लागते, ती त्याला जरूर शिकवा. पण ‘गावकूस’ खोडून ‘सामाजिक परिस्थिती’ आणि ‘आईने खुरपणी करून फी भरली’ खोडून ‘प्रतिकूलतेवर मात केली’ असे लिहाल, तर ते संपादन नव्हे. लाल शाईने त्याचा अनुभवच पुसल्यासारखे होईल. आपल्या बापजाद्यांचे बोलणे अशुद्ध ठरवून गप्प करणारे पुष्कळ होऊन गेले. त्यांत आपण भर घालू नये.

आमचे मंडळांना, वसतिगृहांना आणि अभ्यासिकांना आवाहन आहे की, यंदा निबंध स्पर्धेचे बक्षीस पानांच्या संख्येवर देऊ नका. स्पर्धेनंतरच्या रविवारी मुलांना एकत्र बसवा, त्यांचेच निबंध त्यांना परत द्या आणि प्रत्येक पानाचे अर्धे पान करायला सांगा. बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिक काढले तेव्हा त्याला ‘मूकनायक’ नाव दिले. मुक्यांना वाचा फुटावी म्हणून ते पत्र होते. आज वाचा फुटली आहे, लेखणीही हाती आहे. बँकेत सही करणाऱ्या त्या आईची गोष्ट तिच्या मुलीने आता सरळ लिहावी. तिचा नंबर आम्ही काढू!