स्टेम सेल जायज आहे का?

मेंदूच्या आजारावर स्टेम सेलचा उपचार घेणे जायज आहे का, असे मला अधूनमधून विचारले जाते. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा अब्बा किंवा अम्मीचे हात थरथरत असतात आणि त्याच्याजवळ एखाद्या खासगी केंद्राचे माहितीपत्रक असते. प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते तो आपण चुकीच्या जागी विचारतो.

पार्किन्सनचेच उदाहरण घ्या. या आजारात मेंदूच्या एका छोट्या भागातील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लेव्होडोपा हे औषध डोपामाइनची उणीव काही प्रमाणात भरून काढते, पण मेलेल्या पेशी परत आणत नाही. म्हणून नव्या पेशीच बसवाव्यात, ही कल्पना पुढे आली.

1987 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे गर्भपातातून मिळालेल्या मेंदूपेशींचे रोपण झाले. नंतर काही रुग्णांना चांगला फायदा दिसला. पण 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात 40 रुग्णांपैकी निम्म्यांना खरे रोपण केले, तर उरलेल्यांच्या कवटीला नुसती छिद्रे पाडली. किती बरे वाटते, हे रुग्णांना विचारले तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. उलट रोपण झालेल्या काहींच्या शरीराच्या हालचाली पुढे ताब्यात राहिनात. आशा आणि पुरावा यांतले अंतर त्या प्रयोगाने दाखवून दिले.

आता जायज-नाजायजबद्दल. भ्रूणातून पेशी घेण्यावर धार्मिक वाद जगभर झाले. आपल्या फिकहमध्ये 120 दिवसांनी रूह फुंकली जाते, हे मत व्यापकपणे मानले जाते. त्यामुळे टेस्ट ट्यूब उपचारात उरलेले भ्रूण जोडप्याच्या संमतीने संशोधनाला वापरण्यास अनेक उलेमांनी मुभा दिली. इराणच्या रोयान संस्थेत असे संशोधन कित्येक वर्षे चालू आहे. शिवाय 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीला पुन्हा मूळ पेशीसारखे बनवले, पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेच्या पेशीवरही ते जमले. 2012 साली त्यांना नोबेल मिळाले. भ्रूणाचा प्रश्न आता पूर्वीइतका अडवणारा उरलेला नाही.

अशा पेशींपासून क्योटो विद्यापीठात डोपामाइन पेशींची पूर्वावस्था तयार करून ती सुईने थेट मेंदूत सोडण्यात आली. पहिली शस्त्रक्रिया 2018 मध्ये झाली, निष्कर्ष 2025 मध्ये आले. रुग्ण सात. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. ज्या सहा जणांची परिणामासाठी तपासणी झाली, त्यांतील चौघांच्या हालचाली औषधाचा असर नसतानाही सुधारल्या. बातमी आनंदाची आहे. पण रुग्ण अवघे सात, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

मग आपल्याकडचे माहितीपत्रक काय विकते? बऱ्याचदा कमरेच्या हाडातून मगज किंवा पोटाची चरबी काढायची, त्यातल्या पेशी शिरेत वा पाठीच्या कण्यात टोचायच्या आणि लाखांत बिल करायचे. क्योटोच्या उपचाराशी याचा संबंध नावापुरताच. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात. त्यांची जाहिरातही करता येत नाही.

आपल्या शरीयतमध्ये गररची मनाई आहे. म्हणजे, घेणाऱ्याला काय मिळणार हेच ठाऊक नाही असा सौदा. पाण्यातली मासळी पकडण्याआधी विकू नये, हे आपण मदरशात शिकतो. मग आईचे दागिने मोडून घेतलेले हे इंजेक्शन त्याहून वेगळे कसे? माझ्या मते हरामचा प्रश्न पेशीला नव्हे, या सौद्याला विचारायला हवा. आपल्या इमामांनी जुम्याच्या बयानात हे सांगितले, तर कित्येक घरे कर्जातून वाचतील.

तोवर प्रत्येकाने तीन गोष्टी विचाराव्यात. या चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक कोणता? पेशी नेमक्या कुठे सोडणार? आणि चाचणी असेल, तर पैसे माझ्याकडून का घेता? उत्तर देताना समोरचा चिडला, तर फाईल उचलून घरी यावे. न्यूरॉलॉजिस्टने दिलेली गोळी वेळेवर द्यावी आणि अब्बांना रोज हाताला धरून चालवावे.